दस्तगीर चाचा, घोडे घाट चढले

चाचा, तुमच्या चाळिसाव्याला मी जेवायला बसले नाही. चाचींना वाटलं, मला रडू आवरत नसेल म्हणून मी घरीच थांबले असेन. खरं तर मी तुमच्याच मागच्या खोलीत होते. बाहेर बोळात सतरंज्या अंथरल्या होत्या, माणसं जेवत होती, आणि मी काचेच्या पेटीपाशी बसून भाता मारत होते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आधी जेव की. घोडी काय पळून जात्यात व्हय?"

तुम्ही काम कुणाकडे शिकलात, किती गावांची भांडी तुमच्या हातून कल्हई होऊन गेली, हे त्या दिवशी सगळे सांगत होते. मला ते नीट माहीत नाही. मला लिहायलाही फारसं येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि अजून अर्ज लिहितानासुद्धा माझा हात अडखळतो. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे, आणि एक गोष्ट काल घडली आहे. दोन्ही तुम्हाला कळायला हव्यात.

सुरुवात माझ्याच तोंडातून निघालेल्या वाक्याने झाली. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सरांनी फॉर्मालिनची बरणी पुढे ठेवली होती. आत बोटाएवढा समुद्रघोडा. तोंड घोड्याचं, शेपटी वेटोळं घातलेली, अंगावर हाडांची कडी. सर म्हणाले, "नीट पाहून घ्या. जिवंत बघायचा तर कोकणात उतरावं लागेल. समुद्राचं जनावर घाट चढलं की मेलंच."

वर्गात मी दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी कशी कोण जाणे, बोलून गेले, "सर, माझे वडील आणतील जिवंत."

मागच्या बाकावरचा माने म्हणाला, "मासळीच्या लॉरीतनं घोडा येणार." सगळे हसले. त्याला माहीत होतं, आबा रत्नागिरीहून मासळीची लॉरी आणतात. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "महिनाभर जगवून दाखव. मग आपल्या प्राणिशास्त्र मंडळाच्या सभेत उभी राहा आणि सगळ्यांना सांग, कसा जगवलास ते."

मी तडक घरी निघाले. बोळाच्या तोंडाशी तुम्ही भट्टीपुढे बसला होता. आईला सांगायच्या आधी तुम्हाला सांगितलं.

"म्हैना म्हंजे तीस दिस?" तुम्ही विचारलंत.

"तीस."

"आनि न्हाय जगला तर?"

"तर मी परत वर्गात बोलणार नाही."

तुम्ही हातातली परात बाजूला ठेवली. "मग जगवायलाच पायजे की."

एवढंच. घोडा म्हणजे कसला, तो खातो काय, हे तुम्ही दुसऱ्या दिवशी विचारलंत.

तेव्हा तुमच्याकडे वेळ होता. घराघरात स्टीलची भांडी येत होती आणि स्टीलला कल्हई लागत नाही. तुम्ही ही तक्रार कधी केली नाहीत. फक्त भट्टी दुपारीच विझू लागली होती. मागच्या खोलीत, जिथे फरशी सगळ्यात गार असते, तिथे तुम्ही काचेची पेटी बांधलीत. सागवानी चौकट, काचेला काच, फटी बुजवायला लुकण. हवा सोडायला जुना भाता धुऊन घेतलात, त्याला रबरी नळी लावलीत आणि नळीच्या टोकाला मऊ लाकडाचा तुकडा. भाता दाबला की पाण्यात बारीक बुडबुडे उठायचे. भट्टी फुलवणारा हात तोच, पण किती हळू चालायचा. रात्रीपुरती ट्रकची ट्यूब फुगवून जोडायचो, तिच्यातून हवा थेंबाथेंबाने सुटत राहायची.

आबांनी पहिले तीन घोडे दुधाच्या किटलीतून आणले. खाडीत जाळी लावणाऱ्यांकडून मागून घेतले होते. आबांना स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. "मलकापुरात च्याला थांबलो तवा झाकण काढून बगितलं. तिघंबी माझ्याकडं बगत हुते. ड्रायव्हर म्हनून नजर ठेवत असतील."

तीन दिवस आपण दोघं पेटीसमोरून हललो नाही. चौथ्या दिवशी सकाळपर्यंत तिघेही तळाशी आडवे झाले होते.

मी पायरीवर बसून रडले. सरांचं खरं होतं. घाट चढलं की मेलंच. मी चाचींना म्हणाले, उद्यापासून मी कॉलेजात जाऊन गप्प बसेन, मला तेच जमतं. चाचींनी चहा पुढे केला. तुम्ही आत गेलात. पेटीशेजारी आईचा तांब्याचा हंडा होता. समुद्राचं पाणी लॉरीने आठवड्यातून एकदाच येणार, म्हणून आपण ते त्या हंड्यात साठवलं होतं. तांब्यातलं पाणी शुद्ध, आपल्याकडे प्यायचं पाणीसुद्धा तांब्यातच ठेवतात. हंडा मीच आणला होता आणि तुम्ही चिंच-राखेने असा घासला होतात की त्यात तोंड दिसावं. आत कल्हई लावू का, असं तुम्हीच म्हणालात आणि तुम्हीच उत्तर दिलंत, "पाण्याला कशाला कल्हई? कल्हई ताकाला, आमटीला."

तुम्ही हंड्यात बोट बुडवलंत आणि जिभेला लावलंत. मग दारात येऊन थुंकलात.

"शाले, पानी कळकलंय."

मी म्हणाले, "पाणी कुठं कळकतं चाचा? ताक कळकतं, चिंचेचं सार कळकतं."

"खारं पानी हे पानी न्हाय. आमटी हाय ती. बिनकल्हईच्या तांब्यात आमटी ठेवली आपण." तुम्ही खाली बसलात. "जल्मभर लोकास्नी सांगत आलो, कल्हई करा, न्हायतर विष हुईल. आनि माज्याच हातानं घासून दिलं."

तुम्हाला इतकं लाजलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. पण चाचा, मी तेव्हा तुमच्याकडे बघत होते आणि माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. माझी दोन वर्षांची पुस्तकं, माझ्या वह्या, त्यात हे कुठेच नव्हतं. नंतर मी ग्रंथालयात शोधलं. एका जाड पुस्तकाच्या तळटिपेत दोन ओळी सापडल्या: समुद्री प्राण्यांना तांब्याचा अंशही मारक. मला ते शोधायला आठ दिवस लागले. तुम्हाला एक थेंब पुरला होता.

मग बोळात जे झालं ते आठवून मला आजही हसू येतं. "लोणच्याला जे चालतं ते समुद्राला चालतं," असं तुम्ही जाहीर केलंत आणि घरोघर चिनीमातीच्या बरण्या मागत सुटलात. बायका विचारायच्या, "चाचा, एवढं लोणचं कुणाचं?" तुम्ही सांगायचात, "घोड्याचं." परत करताना बरण्यांना खाडीचा वास यायचा. एका घरातून बोलणीसुद्धा खाल्लीत. पेटीच्या आतली एकूण एक खिळ्याची टोकं तुम्ही मेणाने बुजवलीत.

दुसऱ्या खेपेला एक जोडी आली. आपण शेपटी गुंडाळायला काथ्याची दोरी सोडली होती. दोघांनी ती अशी पकडली, जणू एसटीत उभं राहायला दांडी मिळाली. खायला रंकाळ्याच्या काठचे बारीक झिंगे मी चाळणीने गाळून आणायचे. आणि तुम्ही रोज सकाळी चूळ भरून पाणी चाखायचात. "मीठ वाढलंय, वाटीभर गोडं पानी घाल." पुढे मी कॉलेजातून पाण्यातलं मीठ मोजायची काचेची नळी मागून आणली. आठ दिवस तुमची जीभ आणि नळी ताडून पाहिली. आठव्या दिवशी नळी परत केली.

दहा दिवस झाले, वीस झाले. एकतिसाव्या दिवशी सर आपल्याकडे आले.

आता ते सांगते, जे सांगायचं राहिलं.

सर चपला काढून आत आले. स्टुलावर बसले आणि पेटीकडे वाकले. घोड्याचा एक डोळा पुढे वळतो आणि दुसरा मागे, ते बघून ते स्वतःशीच हसले. मग विचारलं, "पहिले का मेले?"

मी सांगितलं, "तांब्यामुळे, सर. पाणी तांब्याच्या हंड्यात होतं."

"शाबास. हे कुठे वाचलंस?"

मी पुस्तकाचं नाव सांगितलं. खोटं नव्हतं ते. वाचलं होतंच की. सरांनी मान डोलावली. तुम्ही कोपऱ्यात भाता मारत होता, काजळी लागलेल्या बनियनवर. सरांनी विचारलं, "हे कोण?"

आणि मी म्हणाले, "शेजारी आहेत."

तुम्ही लगेच म्हणालात, "व्हय सायेब. मी निस्ता भाता मारतो."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते, चाचा. खरंच आले होते. पण सर माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जशा नजरेने कुणीच कधी बघितलं नव्हतं. ती नजर अर्धी वाटून घ्यायला माझा जीव झाला नाही. सर गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "मानूस बरा हाय. जमिनीवर बसला असता तर आनि बरा." त्या गोष्टीचा परत विषय काढला नाहीत. काढला असता तर मी माफी मागितली असती आणि मोकळी झाले असते. तुम्ही मला तसं सुटू दिलं नाहीत, किंवा कदाचित तुमच्या लक्षातही राहिलं नसेल. मला अजून कळलेलं नाही.

भांडण मात्र आपलं वेगळ्याच गोष्टीवर चालायचं. जोडीतल्या एकाचं पोट फुगायला लागलं, तेव्हा मी तुम्हाला सांगितलं की हा नर आहे. मादी याच्या पोटाच्या पिशवीत अंडी ठेवते आणि पिल्लं हाच घालतो.

"पोट ज्याचं ती आई," तुम्ही म्हणालात.

"चाचा, पुस्तकात आहे."

"पुस्तक लिवनाऱ्यानं बाळंतपन केलंय काय?"

आतून चाची म्हणाल्या, "होऊ दे की एकदा बाप्यास्नी. कळू दे."

"तू गप. हितं शास्त्राचं चाललंय."

हे रोज चालायचं. मी चित्रं काढून दाखवली. तुम्ही चित्र हातात धरून, मान तिरकी करून बघायचात आणि शेवटी म्हणायचात, "चित्र ब्येस हाय. पर ती आई हाय."

मग ती सकाळ आली. मी चाळणी घेऊन रंकाळ्याला निघाले होते, तोच तुमची हाक. "शाले, पळ. घोडं वकाय लागलंय."

तो ओकत नव्हता. काथ्याला शेपटी घट्ट धरून तो पुढे वाकत होता, मागे ताठत होता, आणि दर झटक्याला पिशवीच्या तोंडातून शेवयांच्या तुकड्यांसारखं काहीतरी पाण्यात उडत होतं. तुकडे सरळ झाले. त्यांना तोंडं होती. घोड्याची तोंडं. नखाएवढी पोरं पाण्यात उभी राहून एकमेकांच्या शेपट्या पकडत होती.

तुमचा हात भात्यावर तसाच थांबला होता. चाचींनी तुम्हाला ढोसलं, "मारा की, पोरं गुदमरत्यात." तुम्ही भाता मारायला लागलात आणि तुमच्या गालावरून पाणी वाहत होतं. घाटाच्या वर, समुद्रापासून एवढ्या लांब, एका कल्हईवाल्याच्या मागच्या खोलीत समुद्राची पोरं जन्माला आली होती. बोळातली सगळी माणसं रांग लावून बघून गेली. ज्या घरातून बरणीवरून बोलणी बसली होती, त्या घरच्या मावशी गुळाचा खडा घेऊन आल्या आणि तुमच्या तोंडात घातला.

"आता तरी मानता का, बाप आहे तो?" मी विचारलं.

"एवढ्या कळा सोसल्या त्यानं," तुम्ही गूळ चघळत म्हणालात. "आता तर पक्की आई."

पोरं जगवणं ही मोठ्यांना जगवण्याहून अवघड गोष्ट निघाली. झिंगे त्यांच्या तोंडात मावत नव्हते. आबा दर खेपेला खाडीचं ताजं पाणी आणायचे. तुम्ही ते चाचींच्या मलमलीच्या ओढणीतून गाळायचात आणि कापडावर उरलेली डोळ्याला न दिसणारी किडामुंगी पेटीत झटकायचात. चाचींनी ओढणी परत मागितली नाही. तरी रोज काही मरायची. तुम्ही मोजायचं नाही असं ठरवलं होतंत. शेवटी चार उरली आणि ती चार मरेनात. वाढायला लागली.

उन्हाळा तापला तेव्हा तुमची छाती भरून आली होती. जन्मभर भट्टीचा धूर आणि कल्हईच्या नवसागराची वाफ आत गेलेली. आबा लॉरीतला उरलेला बर्फ आणायचे, तो आपण बाटल्यांत भरून, बुचं घट्ट लावून पेटीत सोडायचो. पेटीभोवती ओलं गोणपाट. तुम्ही त्याच गोणपाटाला पाठ टेकून बसायचात. म्हणायचात, "घोड्यांच्या नशिबानं मलाबी गार लागतंय." सभेसाठी लिहिलेलं मी तुम्हाला तिथेच वाचून दाखवायचे. इंग्रजीत होतं. तुम्हाला एक अक्षर कळत नव्हतं, तरी मध्येच हात वर करायचात.

"मोठ्यानं. भट्टीच्या पलीकडं ऐकू ग्येलं पायजे."

"चाचा, तुम्हाला समजतंय का?"

"समजाय कशाला पायजे? तू भितीयास का न्हाय, तेवडं समजतंय."

त्या कागदांवरही लिहिलं होतं की तांब्याचा दोष मी शोधला. ते मी तुमच्यासमोर वाचलं, चाचा. मोठ्याने वाचलं. तुम्ही मान डोलावत होता.

तुम्ही गेलात त्या दुपारी मी रंकाळ्यावर होते. चाळणी घेऊन बोळात आले तर दाराशी माणसं. मी आधी मागच्या खोलीत गेले. झिंगे पेटीत सोडले, पाणी चाखलं, वाटीभर गोडं पाणी घातलं. मग तुमच्याकडे आले. लोकांनी काय म्हटलं असेल कोण जाणे. तुम्ही रागावला नसाल.

आता कालचं.

कॉलेज सुरू झालं आणि मंडळाची सभा लागली. हॉल भरला होता. फळ्यावर विषय लिहिला होता आणि खाली माझं नाव. शेवटच्या बाकावर आबा बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि त्यांच्या शेजारी चाची. दोघंही कॉलेजात पहिल्यांदाच आलेले. मी वाचायला लागले. पहिलं पान गेलं. दुसऱ्या पानावर ती ओळ आली, आणि मला ती वाचता येईना.

मी कागद खाली ठेवले. मराठीत म्हणाले, "इथं लिहिलंय की हे मी शोधलं. मी शोधलं नाही. आमच्या बोळात दस्तगीर चाचा होते, कल्हई करायचे. त्यांनी हंड्यातलं पाणी जिभेला लावलं आणि सांगितलं, तांबं उतरलंय. मी पुस्तकात नंतर वाचलं. सर आमच्याकडे आले तेव्हा भाता मारत होते ना, ते तेच. मी त्या दिवशी 'शेजारी' म्हणाले आणि गप्प बसले. ते माझं चुकलं."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, हसतील. सर उठले. मला वाटलं, खाली बस म्हणतील. ते फळ्याकडे गेले, खडू उचलला आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "पूर्ण नाव सांग."

मी सांगितलं. त्यांनी ते माझ्या नावाच्या आधी लिहिलं. नावं दोन झाल्यावर ओळ फळ्याच्या कडेपर्यंत गेली. मग म्हणाले, "आता पुढे. मराठीतच सांग."

मी सांगितलं, चाचा. बरण्या, काथ्या, मलमल, बर्फाच्या बाटल्या, सगळं. कागद न बघता. इतक्या मोठ्याने की बाहेरच्या व्हरांड्यातली मुलं खिडकीशी आली. मला माझा आवाज ओळखू येत नव्हता, पण तो माझाच होता. संपलं तेव्हा टाळ्या किती वेळ वाजल्या मला माहीत नाही. आबा उभे राहून वाजवत होते आणि शेजारच्यांना सांगत होते, "किटली माझी हुती."

सर म्हणाले, कुणाला प्रश्न? माने उठला. मी मनातून घट्ट झाले.

"आता पाणी कोण चाखतं?"

"मी. आणि चाची."

तेवढ्यात मागून चाची उठल्या. पदर सावरून म्हणाल्या, "चाखायचं आमी बगतो. भात्याला मानसं पायजेत. हिची परीक्षा हाय फुडं, आन् माजा खांदा भरून येतोय. निस्त्या टाळ्या वाजवून घोडी जगत न्हाईत."

सगळा हॉल हसला. सरसुद्धा.

आज सकाळी सहाला दार वाजलं. बोळात पाच जण उभे होते, वर्गातले. माने सगळ्यात पुढे. चाचींनी त्यांना पाय धुवायला लावले आणि मागच्या खोलीत नेलं. माने भात्यापाशी बसला आणि असा मारायला लागला की पेटीत वादळ उठलं.

"हळू की पावणं," चाची म्हणाल्या. "भट्टी न्हाय पेटवायची. समुद्राला वारा घालायचाय."

त्याने हात सैल केला. बुडबुडे बारीक झाले. जोडी आणि चार पोरं, सहाही काथ्याला शेपट्या गुंडाळून उभी होती आणि एकेका डोळ्याने त्या नव्या माणसाकडे बघत होती. मी बोट बुडवून जिभेला लावलं. मीठ बरोबर होतं.

चाचा, उन्हाळा संपला. सगळी जगली.